रिकाम्या पाच खाचा

पुण्यापासून शंभरेक किलोमीटरवर असलेल्या एका तालुक्याच्या गावातील वाचनालयाने २००० सालच्या पावसाळ्यात मला बोलावले होते. त्यांचा संगणक बंद पडला होता. पेटी उघडली तर कारण समोरच दिसले. जुन्या ३८६-४८६ बोर्डांवर निळ्या रंगाची पिंपासारखी एक छोटी बॅटरी डाखलेली असे. तिच्यातून क्षार पाझरून मदरबोर्डाच्या एका कोपऱ्यातील तांब्याच्या रेघा हिरव्या पडल्या होत्या, काही तर तुटून गेल्या होत्या. दुरुस्तीत अर्थ नव्हता. मी नवा बोर्ड सुचवला.

त्या काळी मी पुण्यात संगणक जुळवून देण्याचा व्यवसाय करत होतो आणि मदरबोर्डाची पारख आपल्याला कळते असा माझा समज होता. मी त्यांना रीतसर तक्ता करून दिला. इंटेलचा ८१० चिपसेट, चित्रपटलाचे काम बोर्डावरच, आवाजाचे काम बोर्डावरच, वेगळ्या कार्डांचा खर्च शून्य, दोन यूएसबी, किंमत माफक. समितीने तो मंजूर केला. आठ दिवसांनी नवे यंत्र घेऊन मी गेलो, जुनी हार्ड डिस्क त्यात जोडली, यंत्र सुरू झाले. तेवढ्यात ग्रंथपाल बाई कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आल्या.

"अहो, हे कार्ड राहिलं ना तुमचं लावायचं. जुन्या यंत्रातून तुम्हीच काढून दिलं होतंत."

ते जिस्ट कार्ड होते. आणि माझ्या नव्या, आधुनिक, सर्वसोयींनी युक्त बोर्डावर ते बसेल अशी एकही खाच नव्हती.

जिस्ट कार्ड म्हणजे काय हे आता पन्नाशीच्या आतल्या वाचकाला सांगावे लागेल. आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्यांवर जे काम झाले, ते मोहन तांबे यांच्याबरोबर पुण्याच्या सी-डॅकमध्ये आले. सी-डॅकची स्थापना १९८८ ची. तिथे तयार झालेले हे कार्ड साध्या पीसीच्या खाचेत बसवले की डॉसमध्ये चालणारे इंग्रजी प्रोग्रॅम, म्हणजे डीबेस, लोटस, वर्डस्टार, देवनागरी दाखवू लागत. प्रोग्रॅममध्ये अक्षरही बदलावे लागत नसे. डीबेसला वाटे की आपण नेहमीचेच आकडे साठवतो आहोत. त्या आकड्यांचे क, ख, ग करण्याचे काम कार्ड करी. आकडे कोणते वापरायचे याचे राष्ट्रीय मानक होते, त्याचे नाव इस्की. १९९१ साली ते भारतीय मानक म्हणून मंजूर झाले. पहिल्या १२८ जागा इंग्रजीच्या, पुढच्या १२८ मध्ये भारतीय लिपी.

वाचनालयाची अकरा हजारांहून जास्त पुस्तकांची सूची बाईंनी सहा वर्षे खपून त्या कार्डाच्या आधाराने भरली होती. मी कार्डाशिवाय ती फाइल उघडली. पडद्यावर चौकटी उमटल्या. मला हे आधी माहीत असायला हवे होते, कारण त्यात गूढ काही नाही. इस्कीमध्ये क पासून ह पर्यंतची व्यंजने ज्या आकड्यांवर आहेत, नेमक्या त्याच आकड्यांवर आयबीएमच्या मूळ पीसीने तक्ते आखायच्या रेषा ठेवल्या होत्या. त्यामुळे प्रत्येक क च्या जागी उभी रेघ, द च्या जागी आडवी रेघ, कान्याच्या जागी चौकटीचा कोपरा, पहिल्या वेलांटीच्या जागी भरीव ठोकळा. एका मात्रेच्या जागी तर एक जर्मन अक्षर. सगळी सूची मोडक्या कुंपणासारखी दिसत होती.

बाई बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "गेलं का सगळं?"

काही गेले नव्हते, आकडे जागेवर होते. पण ते मी सांगूनही त्यांना पटेना, आणि का पटावे? त्या दिवसापासून माझ्या मनात एक प्रश्न राहिला, तो असा की मदरबोर्ड चांगला की वाईट हे ठरवायचे कशावरून. त्यात काय काय आहे यावरून, की त्यात काय बसू शकते यावरून? या लेखाचे निमित्त ते.

माझ्या टेबलावर सध्या तीन बोर्ड आहेत. एक तो ८१० चिपसेटचा, वाचनालयाकडून मी परत घेतलेला. दुसरा त्याच्या जागी बसवलेला. तिसरा या सगळ्यांचा पूर्वज, आयबीएमच्या १९८१ सालच्या पहिल्या पीसीचा, जो मला पुण्याच्या जुन्या बाजारात एका भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने मिळाला. आधी या तिसऱ्याविषयी, कारण सगळे तिथूनच सुरू होते.

आयबीएमचा पीसी १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर झाला. फ्लोरिडातील बोका रेटन येथे एका लहान गटाने तो साधारण वर्षभरात तयार केला. विल्यम लोव यांनी १९८० साली वरिष्ठांकडून परवानगी मिळवली, पुढे डॉन एस्ट्रिज यांनी गटाचे नेतृत्व केले. बोर्डाच्या रचनेत लुइस एगेब्रेक्ट यांचा मोठा वाटा होता, तर डेव्हिड ब्रॅडली यांनी बायॉसच्या लेखनाचे काम केले. एवढ्या कमी वेळात स्वतःच्या चिप घडवणे शक्यच नव्हते, म्हणून बाजारात कोणालाही मिळणाऱ्या चिप घेतल्या गेल्या. आयबीएममध्ये हे जवळजवळ धर्म बुडवण्यासारखे होते.

हा बोर्ड हातात घेतला की पहिली गोष्ट जाणवते ती त्याचे रितेपण. त्यावर पडद्याची सोय नाही. डिस्कची नाही, प्रिंटरची नाही, मोडेमची नाही. मागच्या बाजूला दोनच गोल छिद्रे. एक कळफलकाचे, दुसरे चक्क कॅसेट टेपरेकॉर्डरचे. मेमरीच्या चार ओळी, प्रत्येकीत नऊ चिप. पहिली ओळ डाखलेली, उरलेल्या तिघींना सॉकेट, म्हणजे गिऱ्हाइकाने १६ केबीपासून सुरुवात करावी आणि जमेल तसे ६४ पर्यंत जावे. नवव्या चिपचे कौतुक मला आजही वाटते. माहिती आठ चिपमध्ये मावते. नववी फक्त पडताळणीसाठी. हिशेब जुळला नाही तर यंत्र चुकीचे उत्तर देण्याऐवजी सरळ थांबत असे. पुढे पैसे वाचवण्यासाठी घरगुती बोर्डांवरून ही नववी चिप गेली आणि अजून परत आलेली नाही.

प्रोसेसर ८०८८, गती ४.७७ मेगाहर्ट्झ. ही गती विचित्र आहे. चिप ५ मेगाहर्ट्झला चालू शकत होती, मग ही पाच टक्के कसर का? उत्तर बोर्डावरच्या स्फटिकात आहे. तो १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा आहे. त्याला तीनने भागले की ४.७७, प्रोसेसरसाठी. चारने भागले की ३.५८, अमेरिकी रंगीत दूरचित्रवाणीच्या रंगसंकेताची वारंवारता. बाराने भागले की १.१९३, घड्याळाच्या चिपसाठी. एकाच स्फटिकात तीन कामे. शेजारी पेचकसाने फिरवायचा एक चिमुकला कपॅसिटर आहे, टीव्हीवरचा रंग नीट जुळावा म्हणून. मला ही काटकसर आपल्या घरच्या कोणा सुगरणीची वाटते. एकाच फोडणीत दोन भाज्या. गंमत अशी की भारतात रंगीत टीव्ही आला तो वेगळ्या, युरोपीय पद्धतीचा. तरीही इथल्या प्रत्येक बँकेतील, प्रत्येक कारखान्यातील पीसीचे घड्याळ अमेरिकी टीव्हीच्या तालावर टिकटिकत राहिले. सेकंदाला १८.२ टोले. तो १.१९३ चा आकडा नंतरच्या पिढ्यांच्या चिपसेटमध्येही जुन्या प्रोग्रॅमच्या सोयीसाठी जपला गेला.

आणि मग त्या पाच खाचा. प्रत्येकीत दोन्ही बाजूंना एकतीस, असे ६२ संपर्क. २० तारा पत्त्याच्या, ८ माहितीच्या, बाकी वीज आणि इशाऱ्यांच्या. पडद्याचे कार्ड घ्यावेच लागे, डिस्कसाठी आणखी एक. म्हणजे खऱ्या अर्थाने मोकळ्या तीनच. पण त्या कशासाठी मोकळ्या ठेवल्या हे आयबीएमलाही ठाऊक नव्हते, आणि इथेच रचनेचा खरा प्रश्न येतो.

या खाचांची कथा नेहमी अशी सांगितली जाते की आयबीएमने घाईत चूक केली, सगळे उघडे ठेवले आणि नकलाकारांनी घर लुटले. मला हे अर्धेच खरे वाटते. घाई होती, पण ही बस घाईत सुचलेली नव्हती. याच गटातील काही माणसे आधी सिस्टिम/२३ डेटामास्टर नावाच्या यंत्रावर काम करत होती. त्याची विस्तार-बस थोड्या फरकाने पीसीत आली. म्हणजे ती वापरून पाहिलेली होती. दुसरे, आयबीएम पिढ्यान् पिढ्या यंत्रांची देखभाल करणारी कंपनी होती. यंत्राबरोबर सविस्तर पुस्तिका देणे ही त्यांची सवय. पीसीच्या टेक्निकल रेफरन्स पुस्तिकेत बोर्डाचे संपूर्ण विद्युत-आराखडे होते, खाचेतील प्रत्येक संपर्काचे वर्णन होते, आणि बायॉस प्रोग्रॅमची ओळन् ओळ छापलेली होती. ही चूक नव्हे. ज्याला कार्ड बनवायचे आहे त्याला बोलावणे होते ते.

खाचा ठेवण्याची कल्पना अर्थातच त्यांची नव्हे. १९७५ च्या अल्टेअर यंत्रात सगळेच कार्डांवर होते. १९७७ च्या ॲपल-२ मध्ये आठ खाचा होत्या. जॉब्जना दोनच पुरेशा वाटत होत्या आणि आपण आठांसाठी अडून बसलो, असे वॉझनियॅक यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. १९८४ साली आलेल्या मॅकिंटॉशमध्ये एकही खाच नव्हती. त्यावरून त्या दोघांपैकी कोणाचे म्हणणे त्या कंपनीत टिकले, हे कळते.

बायॉस छापण्यात मात्र एक चलाखी होती. छापल्यामुळे त्यावर आयबीएमचा स्वामित्वहक्क उघडपणे प्रस्थापित झाला, आणि ज्याने पुस्तिका वाचली तो स्वतःचा बायॉस लिहायला बसला की नक्कल केल्याचा संशय त्याच्यावर येणारच. कॉम्पॅकने यावर तोड काढली. एका गटाने वाचायचे आणि बायॉस काय करतो एवढेच लिहून द्यायचे. दुसऱ्या गटाने, ज्याने मूळ पाहिलेलेच नाही, त्यावरून नवा लिहायचा. नोव्हेंबर १९८२ मध्ये त्यांचे यंत्र जाहीर झाले. पुढे फिनिक्स कंपनीने असाच बायॉस लिहून तो कोणालाही विकायला काढला. मग बाजारातल्या चिप, छापील आराखडा आणि विकतचा बायॉस एवढ्या तीन गोष्टींवर तैपेईच्या गल्लीतही बोर्ड बनू शकत होता. तसेच झाले. गिगाबाइट आणि एमएसआय १९८६ च्या, असूस १९८९ ची. असूस तर एसरमधून बाहेर पडलेल्या चार अभियंत्यांनी काढली.

आता दोष. रचनेची परीक्षा करायची तर भक्तिभावाने भागत नाही. आयबीएमच्या बसचा मोठा दोष इशाऱ्यांच्या तारांत होता. कार्डाला प्रोसेसरचे लक्ष वेधून घ्यायचे असेल तर त्याच्यासाठी मोजक्या तारा, खाचांपर्यंत येणाऱ्या सहाच. त्या अशा तऱ्हेने जोडल्या होत्या की दोन कार्डांना एक तार सुखाने वाटून घेता येत नसे. शिवाय कोणत्या कार्डाने कोणती तार घ्यायची हे ठरवणारे कोणी नव्हते. ते कार्डावरच्या जंपरनी, म्हणजे नखाएवढ्या टोप्या इकडच्या तिकडे करून, माणसाने ठरवायचे. माऊस लावला की मोडेम मुका, साउंड कार्ड लावले की प्रिंटर रुसला. नव्वदच्या दशकातील माझ्या कमाईचा बराच भाग या एका दोषाने मिळवून दिला. त्याबद्दल तक्रार करणे कृतघ्नपणाचे, पण दोष तो दोषच.

आयबीएमने स्वतः तो सुधारला. १९८७ साली पीएस/२ यंत्रांत मायक्रो चॅनल नावाची नवी बस आली. तारा वाटून घेता येत, जंपर गेले, वेग वाढला. अभियांत्रिकीच्या कसोटीवर ती जुन्या बसपेक्षा निःसंशय सरस होती. पण तिचा परवाना घ्यावा लागे, पैसे मोजावे लागत आणि जुनी कार्डे तीत बसत नसत. १९८८ साली कॉम्पॅकच्या पुढाकाराने नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी जुनीच बस रुंद करून घेतली. गंमत म्हणजे जुन्या बसला आयएसए हे नाव त्याच सुमारास मिळाले. त्यात 'उद्योगाचे मानक' असा अर्थ आहे आणि आयबीएमचे नाव नाही. ज्या घरात जन्म झाला त्या घराचे आडनावच काढून टाकले. एस्ट्रिज हे पाहायला नव्हते. २ ऑगस्ट १९८५ रोजी डॅलसच्या विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला होता.

मधल्या वर्षांत बोर्डावरची गर्दी कमी झाली. आधी डझनावारी सुट्या चिपमध्ये होणारे काम चिप्स अँड टेक्नॉलॉजीजसारख्या कंपन्यांनी चार-पाच मोठ्या चिपमध्ये कोंबले. त्यालाच चिपसेट म्हणू लागले. त्यानंतर बोर्डाची कुंडली बोर्ड बनवणाऱ्याऐवजी चिपसेट बनवणारा लिहू लागला.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स हा आराखडा मांडला. त्याविषयी थोडे थांबले पाहिजे, कारण रचना म्हणून मला तो फार समजूतदार वाटतो. त्याआधीच्या बेबी-एटी बोर्डांवर प्रोसेसर नेमका खाचांच्या समोर येई. त्याच्यावर पंखा बसवला की लांब कार्ड आडवे यायचे. वीजपुरवठ्याची दोन टोके शेजारी शेजारी लावावी लागत आणि ती उलटसुलट बसू शकत. काळ्या तारा काळ्यांना लागून हव्यात, हा मंत्र विसरलेल्या माणसाने बोर्ड जाळलेला मी स्वतः पाहिला आहे. तो माणूस कोण हे सांगत नाही. त्याचे दुकान माझ्याच नावावर होते. एटीएक्सने बोर्ड नव्वद अंशांत फिरवला. १२ इंच बाय ९.६ इंच. प्रोसेसर खाचांच्या वाटेतून बाजूला झाला, मेमरी त्याच्याजवळ आली, मागची सगळी तोंडे एका खिडकीत जमली, विजेची जोडणी वीस टोकांची आणि एकाच बाजूने बसणारी झाली. एक अंदाज मात्र चुकला. वीजपुरवठ्याच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर सोडावी असे मूळ आराखड्यात सुचवले होते, पण ती हवा वीजपुरवठ्यातच तापून येई. पंखा उलटा फिरवावा लागला. बाकी आराखडा तीस वर्षांनंतरही चालू आहे. २००४ च्या आसपास इंटेलनेच त्याला बीटीएक्स नावाचा वारस आणून पाहिला, तो दोन-तीन वर्षांत गेला.

आता दुसऱ्या बोर्डाकडे येतो. तो ४४० बीएक्स चिपसेटचा. एप्रिल १९९८ मध्ये आलेला हा चिपसेट जुन्या गिऱ्हाइकांच्या अजून स्मरणात आहे. अधिकृत गती १०० मेगाहर्ट्झ, पण असूस, एबिट यांच्या चांगल्या बोर्डांवर तो १३३ लाही धावे. त्याचा वारस म्हणून आणलेल्या ८२० चिपसेटवर साधी मेमरी चालवण्यासाठी जोडलेली चिप सदोष निघाली आणि मे २००० मध्ये इंटेलला ते बोर्ड परत घ्यावे लागले. त्यामुळे बीएक्सची आब आणखी वाढली. पण मी तो शोधला तो वेगासाठी नव्हे. इंटेल आणि मायक्रोसॉफ्टने मिळून काढलेल्या 'पीसी ९९' मार्गदर्शिकेने आयएसए खाचा नव्या यंत्रांत नकोत असे ठरवले होते. कळफलकाचे छिद्र जांभळे आणि माऊसचे हिरवे, हीसुद्धा त्याच मार्गदर्शिकेची देणगी. ८१० आणि ८२० या चिपसेटमध्ये आयएसएची सोयच उरली नाही. बीएक्सच्या बोर्डांवर मात्र पाढऱ्या पीसीआय खाचांच्या शेजारी दोन-तीन काळ्या, लांब आयएसए खाचा असत. १९८१ च्या त्या ६२ संपर्कांचीच ही वाढलेली मुले. वाचनालयासाठी मला त्यातली एक हवी होती.

तापकीर गल्लीत दोन दिवस फिरलो, मिळाला नाही. शेवटी मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो. रस्त्याचे नाव कधीचेच डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाले आहे, पण ग्रँट रोड स्टेशनावर उतरून ते नाव विचारणारा माणूस संगणकाच्या धंद्यातला नसतो. एका पोटमाळ्यावरच्या दुकानात वापरलेल्या बोर्डांची चळत होती. दुकानदाराने विचारले, "काय पाहिजे साहेब, स्पीड किती?" मी म्हणालो, "काळी खाच पाहिजे." त्याने माझ्याकडे नीट पाहिले. मग म्हणाला, "लेथवाले का?" जुन्या स्वयंचलित लेथची, मोजणीयंत्रांची कार्डे आयएसएचीच असत आणि कारखानदार असेच बोर्ड शोधत येत. मी म्हटले, "नाही, वाचनालयवाले."

बोर्ड निवडताना त्या दिवशी मी काय पाहिले ते सांगतो, कारण आजही तेच पाहतो. प्रथम प्रोसेसरभोवतीचे कपॅसिटर. पेंटियम-२ ४५० मेगाहर्ट्झचा असेल तर सुमारे २७ वॅट खातो, तेही २ व्होल्टला. म्हणजे साडेतेरा अँपिअर. आजच्या दणकट प्रोसेसरला सव्वा व्होल्टच्या आसपास शंभराहून जास्त अँपिअर लागू शकतात. एवढा प्रवाह क्षणात वाढतो, क्षणात घटतो. तो सांभाळणारी मंडळी म्हणजे ते छोटे डबे. त्यांची टोपणे सपाट आहेत ना, पंख्याच्या वाऱ्यात आहेत ना, प्रोसेसरच्या किती जवळ आहेत, हे पाहायचे.

मग मेमरीकडे जाणाऱ्या रेघा. बोर्ड तिरका धरून पाहिला तर काही रेघा उगाचच नागमोडी गेलेल्या दिसतात. त्या उगाच नसतात. काचतंतू आणि राळेच्या या पाटीवर संकेत नॅनोसेकंदाला साधारण १५ सेंटीमीटर धावतो. १९८१ च्या बोर्डावर घड्याळाचा एक ठोका २१० नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात संकेत तीस मीटर जाऊन येईल, मग पाच-दहा सेंटीमीटरची कोण फिकीर करतो? त्या बोर्डावरच्या रेघा खरोखरच गावच्या पायवाटांसारख्या जातात. बीएक्सच्या काळात ठोका १० नॅनोसेकंदांवर आला. आजच्या ३२०० गतीच्या मेमरीत एका बिटाला नॅनोसेकंदाचा तिसरा हिस्साही मिळत नाही, त्या वेळात संकेत पाच सेंटीमीटरसुद्धा सरकत नाही. म्हणून जवळच्या रेघेला मुद्दाम वळसे द्यायचे, की लांबची आणि ती एकाच वेळी पोचाव्यात. पंगतीत पहिल्या पानावर वाढणाऱ्याने थांबून शेवटच्या पानाची वाट पाहावी, तसे. ही कामगिरी कोणत्याही जाहिरातीच्या तक्त्यात नसते.

मी निवडलेला बोर्ड बसवला, कार्ड काळ्या खाचेत दाबले, सूची उघडली. बाईंनी पहिली नोंद वाचली आणि मग बसून पुढच्या वीस-पंचवीस वाचल्या, मोठ्याने.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. तीन वर्षांनी तेच यंत्र अधूनमधून आपोआप बंद पडू लागले. कपॅसिटरची टोपणे फुगली होती, दोघांतून तपकिरी द्रव आला होता. त्या काळात हे सगळ्या जगात चालले होते. साधारण १९९९ पासून पुढची काही वर्षे बाजारात आलेल्या लक्षावधी कपॅसिटरमधील पाण्याचे प्रमाण जास्त असलेले द्रावण सदोष होते. आत वायू साठे आणि डबा फुगे. द्रावणाची चोरलेली कृती अपुरी होती म्हणून हे घडले, अशी हकीकत सांगतात. चोरीचे काय ते असो, फुगणे खरे होते. टोपणावर जी फुली कोरलेली असते ती तिथूनच फुटावे म्हणूनच. मी अकरा कपॅसिटर उपसून नवे डाखले. आणि या वेळी शहाणपण करून सूचीचे रूपांतरही करून घेतले. ते अवघड गेले नाही, कारण युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. क नंतर ख, ख नंतर ग, बहुतेक सगळे त्याच क्रमाने. एक तक्ता आणि छोटासा प्रोग्रॅम पुरला.

वाचनालयात आता हातावर मावेल एवढी एक पेटी आहे. तिच्यातल्या बोर्डावर प्रोसेसर डाखलेला, मेमरी डाखलेली. ती कधी गरम होत नाही, आवाज करत नाही, सात वर्षांत मला एकदाही बोलावलेले नाही. परवा नव्या ग्रंथपाल मुलीने फोन केला. मेमरी वाढवता येईल का, असे विचारत होती. म्हटले, नाही.

आयबीएमचा बोर्ड ज्याच्याकडून घेतला त्या भंगारवाल्याकडे मी अधूनमधून जातो. तो खाचांच्या बोर्डांचा ढीग वेगळा ठेवतो. त्याच्या हिशेबाने हाच माल उंची, कारण खाचेच्या आतल्या दातांवर आणि कार्डांच्या कडेवर सोन्याचा मुलामा असतो. नव्या, सगळे डाखलेल्या पातळ बोर्डांना तो हातात घेऊन वजन बघतो आणि पलीकडे टाकतो. बीएक्सचा एक सुस्थितीतला बोर्ड त्याने माझ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता. लेथवाल्या एका कारखानदाराने मागच्या दिवाळीला तो माझ्याकडून नेला.

जिस्ट कार्ड निवृत्त ग्रंथपाल बाईंकडे आहे. मी मागितले होते. त्या देत नाहीत.